२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची वहीवरची ओळख

शाळेत मूळ संख्यांचा धडा ९७ पाशी संपतो. त्यापुढची एखादी संख्या मूळ आहे असे कुणी सांगितले, की आपण मान डोलावतो. मला हे कधीच पटले नाही. मोठी मूळ संख्या स्वतः हाताळता येते, तिचा कस लावता येतो, तिचे गुणधर्म वहीत उतरवता येतात. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. भागाकारातली बाकी आणि घातांकांचे नियम पक्के असले की पुरे.

या लेखासाठी घेतलेली संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पुढे हिला ‘प’ म्हणू. ही निवडण्याचे कारण साधे आहे: ती मोठी आहे, पण हाताबाहेरची नाही. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचे सिद्ध केले तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि हाताशी कोणतेही यंत्र नव्हते.

मोठ्या मूळ संख्येला भाजक नसतात, म्हणून तिच्याकडे टक लावून बघून हाती काही लागत नाही. तिच्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे एकने लहान आणि एकने मोठ्या संख्येकडे बघायचे. खालच्या जवळपास प्रत्येक पायरीत हेच करायचे आहे.

सुरुवातीची तयारी

चौकटीची वही, पेन्सिल आणि किमान बारा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर घ्या. संगणकावर करणार असाल तर एक धोका आधीच सांगतो. एक्सेलसारख्या तक्त्यात संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राहतात. आपल्याला दहा अंकी संख्यांचे वर्ग करावे लागणार आहेत आणि ते १९ अंकांपर्यंत जातात. तक्ता कोणतीही तक्रार न करता शेवटचे अंक शून्य करून टाकतो आणि पुढची सगळी बाकी चुकते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ही अडचण येत नाही, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो.

लेखात ^ ही खूण घातासाठी वापरली आहे: २^५ म्हणजे ३२.

पायरी १ : संख्या नीट मांडून घ्या

२^१० = १०२४. त्याचा वर्ग २^२० = १०४८५७६. या दोघांचा गुणाकार २^३० = १०७३७४१८२४. दुप्पट केले की २^३१ = २१४७४८३६४८, आणि त्यातून एक वजा केला की आपली प. म्हणजे प = २^३१ − १. हे रूप वहीत पानाच्या वर ठळक लिहून ठेवा. पुढचे सगळे यातूनच निघते.

द्विमान पद्धतीत हीच संख्या ओळीने ३१ एक अशी दिसते. २^न − १ अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि मग प. ही त्या रांगेतली आठवी.

आता नवाचा ताळा घ्या. अंकांची बेरीज २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६, मग १०, मग १. नवाने भागल्यावर बाकी १ उरते. अकराचा ताळाही घेऊन बघा: उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत गेलात की १२ येतात, म्हणजे अकराने भागल्यावर बाकी पुन्हा १. सातने भागा, बाकी १. एकतीसने भागा, बाकी १. हा योगायोग नाही. कारण पुढच्याच पायरीत आहे.

पायरी २ : दोन्ही शेजारी फोडा

वरचा शेजारी प + १ म्हणजे २^३१. नुसते दोन, एकतीस वेळा. याहून साधा शेजारी कोणत्या संख्येला मिळणार?

खालचा शेजारी प − १ = २१४७४८३६४६. दहा अंकी संख्या फोडायची म्हटल्यावर भीती वाटते, पण रूपाकडे बघा. प − १ = २^३१ − २ = २ × (२^३० − १). आणि २^३० − १ म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी: (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. या पाच अंकी संख्या दहा मिनिटांत फुटतात.

३२७६७ = ७ × ३१ × १५१
३२७६९ = ३ × ३ × ११ × ३३१

म्हणून प − १ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. मघाशी ९, ११, ७ आणि ३१ने भागल्यावर बाकी १ का येत होती ते आता कळते. हे सगळे प − १ चे भाजक आहेत. हे अवयव चौकट आखून लिहून ठेवा, सहाव्या पायरीत त्यांची गरज पडेल.

पायरी ३ : सरळ रस्ता किती लांब आहे ते मोजा

प मूळ नसेल तर तिचा एखादा भाजक तिच्या वर्गमूळाच्या आत असलाच पाहिजे. वर्गमूळ ४६३४० आणि थोडे वर. ४६३४० च्या आत ४७९२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने दहा अंकी भागाकार करायचा, म्हणजे रोज पन्नास केले तरी तीन महिने. संगणक हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, त्यामुळे आज कुणी ‘भागून बघितले, नाही गेला’ म्हणाले तर ती सिद्धता पूर्ण बरोबर आहे. फक्त तिच्यातून संख्येविषयी काहीच कळत नाही.

पायरी ४ : ऑयलरची चाळणी

इथे थोडे थांबायचे आहे, कारण सगळ्या लेखातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

समजा भ ही मूळ संख्या प ला निःशेष भागते. मग २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरेल. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो, की २^(भ−१) ला भ ने भागल्यावरही बाकी १ च उरते. दोनचा जो सर्वांत लहान घात बाकी १ देतो, त्याच्या घातांकाने ३१ लाही भाग जायला हवा आणि भ − १ लाही. ३१ स्वतः मूळ, म्हणून तो घातांक १ किंवा ३१. १ असणे शक्य नाही, कारण २ ला भ ने भागून १ उरत नाही. तेव्हा तो ३१ च. म्हणजे भ − १ ला ३१ने भाग जातो. भ विषम आहे, म्हणून ६२नेही जातो.

एवढ्यानेच भाजकांची यादी ६३, १२५, १८७, २४९, ३११... अशी विरळ झाली. ऑयलर आणखी एक गाळणी लावतो. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या जगात, जिथे भ ने भागून उरणारी बाकीच मोजायची, २ ही वर्गसंख्या ठरते, आणि तसे तेव्हाच घडते जेव्हा भ ला ८ने भागून १ किंवा ७ उरतात. ६२ च्या पायऱ्यांनी येणाऱ्या १, ६३, १२५, १८७ या चौकडीला ८ने भागा. बाक्या येतात १, ७, ५, ३. शेवटच्या दोन गळाल्या. म्हणून भ फक्त २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपाचीच असू शकते.

चाळणी खरी आहे ना, हे लहान भावंडांवर तपासून घ्या. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. तेवीस म्हणजे २२ + १, एकोणनव्वद म्हणजे ४ × २२ + १. आठने भागल्यावर बाक्या ७ आणि १. २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९; तिन्हींतून १ वजा करून ५८ने भागून बघा.

आता वहीत दोन स्तंभ आखा. डावीकडे २४८क + १, उजवीकडे २४८क + ६३. क शून्य असताना १ आणि ६३ येतात, दोन्ही निरुपयोगी. क १ पासून १८६ पर्यंत न्या. १८७ ला आपण ४६३४० च्या पुढे जातो. एकूण ३७२ संख्या. त्यातल्या ३, ५, ७, ११, १३ अशांनी भाग जाणाऱ्या खोडत जा: २४९ मध्ये ३, ४९७ मध्ये ७, ५५९ मध्ये १३, ७४५ मध्ये ५. उरलेल्या मूळ संख्यांची मोजदाद शंभराच्या आत येते. तीन महिन्यांचे काम दोन दिवसांवर आले.

खोडताना उरणारी पहिली संख्या ३११. तिची परीक्षा अशी घ्या. २^३१ पर्यंत पोचायचा जवळचा रस्ता आहे ‘वर्ग करा, दुप्पट करा’: २^१५ चा वर्ग २^३०, दुप्पट २^३१. २^१५ = ३२७६८. याला ३११ने भागा: ३११ × १०५ = ३२६५५, बाकी ११३. वर्ग १२७६९, दुप्पट २५५३८. पुन्हा ३११ने भागा: ३११ × ८२ = २५५०२, बाकी ३६. बाकी १ आली असती तर ३११ भाजक ठरला असता. ३६ आली, म्हणजे सुटली.

दर उमेदवारामागे दोन छोटे भागाकार, बस. पुढचा उमेदवार १३०३ तुम्ही करा. ३२७६८ ची बाकी १९३, आणि शेवटी २२७ आली की हात बसला म्हणायचे. कॅल्क्युलेटर असेल तर प ला थेट भागता येतेच, पण ही रीत संख्या वीस अंकी झाली तरी सोडून जात नाही.

ऑयलरच्या आधी कातालदी नावाच्या इटालियन गणितज्ञाने घातांक २३, २९, ३१ आणि ३७ चारही मूळ संख्या देतात असे लिहून ठेवले होते. घातांक २३ च्या संख्येला ४७ने फोडले, ३७ च्या संख्येला २२३ने, २९ च्या संख्येला २३३ने. चारांतली एकतीसच टिकली. फ्रेंच धर्मगुरू मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीतही ३१ होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. नुसत्या दाव्यावर विसंबायचे नाही, हे त्या काळच्या गणितज्ञांनी असे ठेचा खाऊनच शिकून घेतले.

पायरी ५ : वरच्या शेजाऱ्याच्या मदतीने सिद्धता

फ्रेंच गणितज्ञ लुकासने १८७० च्या दशकात शोधलेली आणि अमेरिकन गणितज्ञ लेमरने १९३० मध्ये आजचे रूप दिलेली कसोटी भाजक शोधतच नाही. ४ पासून सुरू करा. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, प ने भागून बाकी ठेवा. घातांक ३१ असेल तर हे २९ वेळा करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. मधली अवस्था नाही.

आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, करून बघा. पाच फेऱ्या लागतील.

४ → १४ → १९४, बाकी ६७ → ४४८७, बाकी ४२ → १७६२, बाकी १११ → १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९. बाकी शून्य.

आता प वर: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथवर बाकी काढावीच लागत नाही. पुढचा वर्ग वजा दोन म्हणजे २००५९५६५४६८२२७४६११४. या १९ अंकी संख्येला प ने भागायचे तरी कसे?

इथे नवाचा ताळा पुन्हा कामाला येतो. दहाला नवाने भागले तर १ उरतो, म्हणून आपण अंकांची बेरीज करतो. तसेच २^३१ ला प ने भागले तर १ उरतो. म्हणून संख्येला २^३१ने भागून जो भागाकार आणि जी बाकी येते, त्यांची नुसती बेरीज करायची. भागाकार ९३४०९६३०७, बाकी १८८३०५८१७८, बेरीज २८१७१५४४८५. प पेक्षा मोठी आहे, म्हणून प वजा करा: ६६९६७०८३८. हीच पाचवी फेरी. संगणकात तर २^३१ने भागणे म्हणजे बिटांची ओळ ३१ जागी कापणे. भागाकाराची गरजच उरत नाही.

उरलेल्या चोवीस फेऱ्या तुमच्या. चुकलात का हे कळायला एक खूण देतो. शून्याच्या आधीच्या फेरीत ६५५३६ किंवा २१४७४१८१११ यांपैकीच एक संख्या आली पाहिजे. कारण तिचा वर्ग बाकीत २ असायला हवा, ६५५३६ चा वर्ग २^३२ म्हणजे बाकी २, आणि प मूळ असल्याने दोनला दोनच वर्गमूळे: एक हे, दुसरे प मधून वजा केलेले.

ही कसोटी मर्सेन संख्यांवरच का चालते? पूर्णांकांत √३ मिसळून जे मोठे जग तयार होते त्यात ४ चे पुढचे सगळे टप्पे एका वर्तुळावर फिरतात, आणि त्या वर्तुळाचा आकार प + १ शी बांधलेला असतो. प + १ हा नुसत्या दोनांचा गुणाकार, म्हणून नुसते वर्ग करत गेले तरी पूर्ण फेरी होते. वरच्या शेजाऱ्यात तीन किंवा पाच मिसळलेले असते तर हे इतके सुटसुटीत झाले नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्यासुद्धा याच कसोटीवर पक्की केली गेली.

पायरी ६ : खालच्या शेजाऱ्याच्या मदतीने सिद्धता

इथे नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. इंटरनेटवर वाचून २ हा पाया (ज्याचा घात काढायचा ती संख्या) घेतात, २^(प−१) ची बाकी १ आली की ‘मूळ आहे’ म्हणून मोकळे होतात. घातांक मूळ असलेल्या मर्सेन संख्येवर ही कसोटी काहीच सांगत नाही. २^३१ ची बाकी १ आहेच आणि प − १ ला ३१ने भाग जातोच, म्हणून उत्तर १ येणारच. २०४७ घ्या: ती २३ × ८९ आहे, तरी २०४६ ला ११ने भाग जातो आणि ती या कसोटीतून बिनदिक्कत पार होते. पाया २ सोडून दुसरा घ्या. प एवढ्या संख्यांसाठी मिलर–राबिन ही याच जातीची, पण अधिक कडक कसोटी २, ३, ५, ७ या चारही पायांवर लावली तर निकाल निःसंशय असतो. ३,२१,५०,३१,७५१ च्या खाली या चौघांना एकदम फसवणारी एकही संयुक्त संख्या नाही.

पण आपल्याकडे प − १ चे सगळे अवयव आहेत, तर पक्के प्रमाणपत्रच बनवू. पाया ७ घ्या. पहिली अट: ७^(प−१) ची बाकी १ यावी. दुसरी अट: प − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेक करून भागा, त्या प्रत्येक घाताला ७ चढवा, आणि सातपैकी एकाही ठिकाणी बाकी १ येऊ नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ७ चे घात १ वर परतायला पूर्ण प − १ पावले लागतात. एवढी लांब फेरी फक्त मूळ संख्येलाच परवडते, कारण संयुक्त संख्येत तेवढ्या बाक्या वापरायला शिल्लकच नसतात.

सातपैकी पहिली तपासणी, २ची, डोक्यातच होते. प आणि ७ दोघांनाही ४ने भागून ३ उरतात, आणि प ला ७ने भागून १ उरतो. वर्गी परस्परतेच्या नियमाने (दोन मूळ संख्या एकमेकींच्या जगात वर्गसंख्या आहेत का, याची सांगड घालणारा नियम) यावरून ७ ही प च्या जगात वर्गसंख्या नाही असे निघते. म्हणून ७^((प−१)/२) ची बाकी −१. बाकीच्या सहा तपासण्या पायथनमध्ये एकेका ओळीच्या आहेत. घात आणि बाकी एकत्र काढणारी त्याची तयार क्रिया वापरा, आधी घात काढून मग भागायला जाऊ नका, यंत्र अडकून बसेल.

अवयव माहीत नसलेल्या कोणत्याही संख्येसाठी खात्रीची आणि जलद रीत असू शकते का, हा प्रश्न फार काळ लोंबकळत होता. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. प सारख्या संख्येला मात्र तिचे शेजारीच पुरतात.

पायरी ७ : गुणधर्म वापरून बघा

ज्याचे घात १ पासून प − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकेकदा देतात, त्याला आद्य मूळ म्हणतात. प साठी सर्वांत लहान आद्य मूळ ७ आहे. अशी एकूण ५३,४६,००,००० आद्य मुळे आहेत, म्हणजे जवळजवळ दर चार बाक्यांत एक. हा आकडा दुसऱ्या पायरीतल्या अवयवांवरून काढा: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३०.

७^५ = १६८०७ हेही आद्य मूळ आहे, कारण प − १ ला ५ने भाग जात नाही. १९६९ मध्ये लुइस, गुडमन आणि मिलर यांनी याच्यावर यादृच्छिक संख्या देणारी रीत बसवली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान मानक म्हणून सुचवली. रीत अशी: १ पासून सुरू करा, १६८०७ने गुणा, प ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... दहा हजाराव्या पावलाला १०४३६१८०६५ आलेच पाहिजे. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का, याची ही जगभर वापरली जाणारी परीक्षा. पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्यांसाठी मात्र ही रीत कधीही वापरू नका. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

दुसरा प्रयोग वर्गमूळाचा. प ला ४ने भागून ३ उरतात, म्हणून एखाद्या वर्गसंख्येचे वर्गमूळ म्हणजे तिचा (प+१)/४ वा घात. (प+१)/४ म्हणजे २^२९. म्हणजे संख्या घ्या आणि २९ वेळा नुसता वर्ग करा. दोनवर करून बघूया. २^३१ ची बाकी १, म्हणून घातांकातली ३१ ची पटी टाकून देता येते. २^२९ ला ३१ने भागून काय उरते? २^५ = ३२ ची बाकी १, म्हणून २^२९ ची बाकी २^४ = १६. उत्तर २^१६ = ६५५३६. पाचव्या पायरीत शेवटून दुसऱ्या फेरीला भेटलेली संख्या इथे पुन्हा दारात उभी आहे. पहिल्यांदा हे वहीवर जुळले तेव्हा मी पान उलटायचे विसरलो होतो.

८ने भागून ७ उरणारी संख्या दोनच काय, तीन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही. प तशीच आहे. तिला चार वर्ग लागतातच.

पायरी ८ : नातेवाईक

प ला जुळे भावंड, म्हणजे दोनच्या अंतरावरची मूळ संख्या, नाही. प − २ च्या शेवटी ५ आहे. प + २ = २१४७४८३६४९ = ३ × ७१५८२७८८३, आणि गंमत म्हणजे ७१५८२७८८३ ही मूळ संख्या आहे. प च्या अलीकडची मूळ संख्या २१४७४८३६२९, पलीकडची २१४७४८३६५९. सगळ्या मूळ संख्या रांगेत उभ्या केल्या तर प चा क्रमांक १०,५०,९७,५६५.

२^३० × प = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या: स्वतः सोडून बाकीच्या सगळ्या भाजकांची बेरीज करा, तीच परत येते. २८ वर करून बघा, १ + २ + ४ + ७ + १४. इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लोने १८११ मध्ये या १९ अंकी संख्येविषयी लिहिले होते, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही. ६५ वर्षांनी लुकासने २^१२७ − १ मूळ ठरवून त्याला उत्तर दिले.

घातांकाच्या जागी प च ठेवली तर? २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, दोन्ही मूळ. प ३१ वरून आली, ३१ पाच वरून आला. म्हणून २^प − १ मूळ असेल असे मनात येते. ती मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ने तिला भाग जातो. चौथ्या पायरीची चाळणी इथे लावा: यातून १ वजा करून २प ने भागा, बरोबर ६८७४५ येतील.

संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात (ज्यात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो) मावणारी सर्वांत मोठी संख्याही प च. जुन्या यंत्रणांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत अशाच पूर्णांकात मोजली जाते. तो मोजमापाचा काटा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी प वर पोचेल, आणि पुढच्या सेकंदाला न सुधारलेले यंत्र तारीख डिसेंबर १९०१ ची दाखवेल. ही मर्यादा बिटांची आहे, मूळ असण्याचा तिच्याशी संबंध नाही. दोन्ही गोष्टी ३१ एकांच्या ओळीतून आल्या, एवढेच.

पुढची संख्या घ्यायची असेल तर

प वर हात बसला की २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ घ्या. रशियातल्या पेर्वुशिन या धर्मगुरूने १८८३ मध्ये ती मूळ असल्याचे दाखवले. चाळणीचे स्तंभ आता ४८८क + १ आणि ४८८क + ३६७ असतील, आणि यादी सुमारे ६२ लाखांची होईल. म्हणून चौथी पायरी संगणकावर टाका आणि पाचवी हाती घ्या, तिथे फेऱ्या फक्त ५९. वर्ग ३७ अंकांपर्यंत जातील, ६४ बिटांत मावणार नाहीत, तेव्हा पायथनच वापरा. संख्या ६१ व्या बिटापाशी कापायची आणि दोन तुकड्यांची बेरीज करायची. शेवटून दुसऱ्या फेरीला २^३१ किंवा २^६१ − १ मधून २^३१ वजा केलेली संख्या दिसली पाहिजे. २^३१ म्हणजे आपल्या प चा वरचा शेजारी.